तिथी, सुट्टी आणि शनिवार : सिंगापुरातल्या मराठी घरांतले सण आणि लहान मुले

सिंगापुरात राहणाऱ्या मराठी आईवडिलांना मूल तीन-चार वर्षांचे झाले की एक प्रश्न हटकून पडतो. गणपती बसवायचा, गुढी उभारायची, पहाटे उठवून मुलाला उटणे लावायचे. पण हे सगळे कुणाच्या दिनदर्शिकेप्रमाणे, कुणाच्या सोबतीने आणि किती? प्रश्न वरकरणी घरगुती आहे. तरी गेल्या तीसेक वर्षांत मंडळांच्या बैठकांत, अंकांतल्या लेखांत आणि आजी-आजोबांशी फोनवर होणाऱ्या वादांत त्याभोवती बरीच चर्चा झाली आहे. या चर्चेत आज कोणती मते आहेत, ती कशाच्या आधारावर उभी आहेत आणि कशाचा उलगडा व्हायचा आहे, ते इथे मांडायचे आहे. रोख मुख्यतः आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवर ठेवला आहे, कारण त्या वयात मूल सण बघून आणि हात लावूनच शिकते.

पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकापासून माहिती तंत्रज्ञान, बँका आणि अभियांत्रिकी कंपन्यांतल्या नोकऱ्यांसाठी मराठी माणसे सिंगापुरात येऊ लागली. आलेली कुटुंबे बहुतेक दोन-तीन माणसांची होती. महाराष्ट्रात सण म्हणजे आजी, काकू, आत्या, शेजारी, गुरुजी, कोपऱ्यावरचा फुलवाला अशा पुष्कळांनी मिळून केलेले काम असते. इथे ते सगळे काम दोघांवर आले, आणि त्या दोघांनाही ते पूर्वी स्वतः करावे लागलेले नव्हते. महाराष्ट्र मंडळ (सिंगापूर) ही संस्था याच दशकातली. गणेशोत्सव, दिवाळीचा कार्यक्रम, संक्रांतीचे हळदीकुंकू, भोंडला यांसाठी मंडळाने माणसांची सोबत मिळवून दिली. २०११ साली महेश एलकुंचवार यांच्या अध्यक्षतेखाली विश्व मराठी साहित्य संमेलन सिंगापुरात भरले, तोवर इथला मराठी समाज बराच स्थिरावला होता.

मंडळाच्या नियतकालिकाचे नाव ‘ऋतुगंध’, आणि त्याचे अंक वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर अशा ऋतूंच्या नावांनी निघत आले आहेत. विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश उत्तरेला असलेल्या या बेटावर हे सहा ऋतू नाहीत. बारा महिने दुपारी ३१-३२ अंश आणि रात्री २५च्या आसपास. आपले सण ऋतूंना बांधलेले आहेत. संक्रांतीला तीळ आणि गूळ थंडीमुळे, दिवाळीला तेल-उटणे कातडी फुटते म्हणून, श्रावणातले खेळ पावसामुळे. जानेवारीत सिंगापुरात थंडी नसते, ईशान्य मोसमी पाऊस असतो. त्यामुळे ‘तीळ का खायचे?’ या चार वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाला खिडकीबाहेर बोट दाखवून उत्तर देता येत नाही. पुढच्या साऱ्या मतभेदांच्या मुळाशी ही अडचण आहे: सणाला आधार देणारे हवामान, पीकपाणी आणि गाव इथे नाही, आणि त्याची भरपाई घराला करावी लागते.

दोन दिनदर्शिका

सिंगापूर सरकारच्या ११ सार्वजनिक सुट्ट्यांमध्ये हिंदूंची एकच, दीपावलीची. तैपूसम या तमिळ सणाची सुट्टी १९६८ साली काढून टाकण्यात आली. दीपावलीची तारीख तमिळ रिवाजाने, म्हणजे नरक चतुर्दशीला धरली जाते. उत्तर भारतीय कुटुंबांची त्यामुळे पुष्कळदा पंचाईत होते, कारण त्यांचा मुख्य दिवस लक्ष्मीपूजनाचा आणि तो अनेकदा दुसऱ्या दिवशी येतो. मराठी घरांना मात्र हा तमिळ हिशेब सोयीचा पडला आहे. मुलांच्या लेखी दिवाळी पहिल्या आंघोळीने सुरू होते, आणि नेमकी तीच सुट्टी मिळते. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला सुट्टी आणि अभ्यंगस्नान एकत्र आले. २०२५ मध्ये सोमवारी, २० ऑक्टोबरला. शेजारची तमिळ आजीसुद्धा त्याच पहाटे नातवंडांच्या डोक्यावर तेल घालत असते. चकली आणि मुरुक्कू, अनारसे आणि अधिरसम, रांगोळी आणि कोलम ही साम्येही मुलांना चटकन कळतात. सिंगापूरचे घड्याळ १९८२ पासून इथल्या सूर्याच्या तासाभराने पुढे आहे, म्हणून सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो. सूर्योदयापूर्वीची आंघोळ म्हणजे साडेसहाची आंघोळ, आणि शाळेची मुले एरवीही तेव्हा उठलेलीच असतात.

बाकी दिवाळी मात्र कामाच्या दिवसांत जाते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन मंगळवारी, पाडवा बुधवारी, भाऊबीज गुरुवारी आली. पहिली-दुसरीच्या मुलांना सिंगापूरच्या सरकारी शाळांत परीक्षा नसतात, त्यामुळे त्यांचे निभावते. तिसरीपासून वर्षअखेरच्या परीक्षा दिवाळीच्या आसपास येऊ लागतात आणि घरातले वातावरण बदलते.

गणपती, गुढीपाडवा, दसरा, संक्रांत यांना सुट्टीच नाही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, शनिवारी आली. शाळांनाही तेव्हा सप्टेंबरची आठवडाभराची सुट्टी होती, आणि ते वर्ष सगळ्यांना सुखाचे गेले. पुढच्या वर्षी चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला आली. अशा वर्षी घरांचे साधारण तीन प्रकार दिसतात. काही घरे तिथीलाच सगळे करतात, त्यासाठी रजा काढतात. काही तिथीला सकाळी प्राणप्रतिष्ठा आणि आरती उरकतात, पाहुणे आणि मोदक शनिवारी ठेवतात. काही सारेच शनिवारवर नेतात. रजेचे गणितही साधे नाही. सात वर्षांखालचे मूल सिंगापूरचे नागरिक असेल तर पालकाला वर्षाला ६ दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, नागरिक नसेल तर २ दिवसांची. मूल एकदा तापले की ती संपते.

तिथीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे की सणामुळे रोजचा दिवस थांबतो, आणि तो थांबवण्यासाठी आईबाबांनी काही सोडले हे मुलाला दिसायला हवे. शनिवारवाल्यांचे म्हणणे असे की घाईघाईने आरती उरकून बाबा बॅग उचलून निघाले, तर मुलाच्या हाती गडबडच लागते. त्यापेक्षा निवांत शनिवार बरा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला स्वतःला मधला प्रकार अधिक टिकाऊ वाटतो, पण त्याचे कारण सोय एवढेच नाही: तिथीच्या सकाळी फक्त घरची माणसे असतात आणि शनिवारी बाकीचे जग येते, हा फरक मुलाला समजतो.

पंचांगाचा एक वाद याला जोडून आहे. सिंगापुरात सूर्य मुंबईच्या सुमारे दोन तास आधी उगवतो. कुठल्या सणाला तिथी सूर्योदयाला लागते, कुठल्या सणाला मध्यान्ही, कुठल्या सणाला प्रदोषकाळी. त्यामुळे क्वचित एखाद्या वर्षी इथला दिवस आणि महाराष्ट्रातला दिवस वेगळा निघू शकतो. स्थानिक गणित धरावे हे शास्त्राला धरून. पण आजीच्या घरी ज्या दिवशी गुढी उभी राहते त्याच दिवशी आपलीही उभी राहावी, ही ओढ बहुतेक घरांत जिंकते. व्हिडिओ कॉलवर दोन्ही गुढ्या एकाच वेळी दाखवता येतात हे त्याचे एक कारण असावे.

या बेटावर चांद्र दिनदर्शिका आपली एकटीची नाही, ही गोष्ट चर्चेत फारशी येत नाही आणि यायला हवी. चिनी मध्यशरद सण पौर्णिमेचा आहे. २०२४ मध्ये तो १७ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्याच दिवशी आला. इमारतीखाली मुले कागदी कंदील घेऊन फिरत होती त्या संध्याकाळी घरोघरी विसर्जन होते. २०२५ मध्ये तोच सण ६ ऑक्टोबरला, कोजागरीच्या दिवशी आला. ईद चंद्रदर्शनाशी बांधलेली असल्याने काही वर्षे ती गुढीपाडव्याला खेटून येते: २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईदची सुट्टी १० ला, २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, रविवारी, आणि सुट्टी सोमवारी. मुलाला तिथी म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगली संधी पुण्यातही मिळणार नाही. तोच चंद्र शेजाऱ्यांच्या घरीही मोजला जातो, हे त्याला गच्चीवरून दिसते.

शाळेच्या सुट्ट्यांचा मेळ मात्र बसत नाही. सिंगापूरच्या सरकारी शाळांचे वर्ष जानेवारी ते नोव्हेंबर. मोठी सुट्टी नोव्हेंबर-डिसेंबरात, दुसरी चार आठवड्यांची जूनमध्ये. महाराष्ट्रात मुले मे महिन्यात मोकळी असतात आणि जूनच्या मध्याला शाळेत परततात. म्हणजे मामाच्या घरी जायचे तर आंबे संपत आलेले, पाऊस सुरू झालेला, आणि मामेभावंडे आठवड्या-दोन आठवड्यांत शाळेला जाणारी. दिवाळी महाराष्ट्रात करायची तर शाळा बुडवावी लागते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत जाणाऱ्या मुलांचे वेळापत्रक वेगळे असते. शाळा निवडताना हा विचार सहसा होत नाही, त्याचा परिणाम नंतर उमगतो.

जागा आणि नियम

सिंगापुरातले नियम परदेशी माणसाला जाचक वाटतात, पण त्यांना इतिहास आहे. २१ जुलै १९६४ रोजी एका धार्मिक मिरवणुकीत सुरू झालेल्या दंगलीत माणसे मेली. त्यानंतर पायी मिरवणुका मर्यादित झाल्या, आणि १९७३ पासून धार्मिक मिरवणुकांतल्या वाद्यांवर बंदी आली; तैपूसमपुरती ती अलीकडे काहीशी सैल झाली आहे. हाच २१ जुलै आता शाळांत वांशिक सलोखा दिन म्हणून पाळतात. त्यामुळे ढोल-ताशांसह रस्त्यावरून विसर्जन मिरवणूक हे दृश्य इथल्या मुलाला सभागृहाच्या भिंतीआड किंवा सुट्टीत महाराष्ट्रातच दिसते. फटाके १९७२ पासून बंद आहेत. लहान फुलबाज्या तेवढ्या मिळतात. फटाक्यांवाचून मुलांची दिवाळी उणी होते असे मानणारे पालक आता फार भेटत नाहीत. हा मुद्दा मिटल्यात जमा आहे.

घराचे नियम अधिक बारीक आहेत. सिंगापूरचे बहुसंख्य लोक एचडीबी या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत राहतात. तिथला व्हरांडा आगीच्या वेळी मोकळा हवा, म्हणून दारापुढे रांगोळी चालते पण समया, किल्ला, कुंड्या यांचा पसारा चालत नाही. उंचावरून वस्तू खाली पडणे हा गुन्हा आहे, त्यामुळे गुढी खिडकीबाहेर न काढता बाल्कनीच्या आत किंवा दिवाणखान्यात उभी राहते. मूर्तीचे विसर्जन बहुतेक घरी, बादलीत होते. शाडूची मूर्ती असेल तर ती विरघळताना मूल बघते, आणि माती कुंडीत जाते. हे विसर्जन तडजोड म्हणून सुरू झाले, पण लहान मुलांसाठी ते समुद्रापेक्षा चांगले आहे असे बरेच पालक आता आपणहून म्हणतात. महाराष्ट्रातही पर्यावरणासाठी घरगुती विसर्जन वाढले आहे, त्यामुळे यात परदेशाचे असे काही उरलेले नाही.

साहित्याची अडचण जवळजवळ नाही. टेक्का बाजारात आंब्याची आणि केळीची पाने, झेंडू, नारळ, विड्याची पाने मिळतात. तमिळ घरांतही विनायकाला दूर्वा वाहतात, म्हणून त्याही मिळतात.

तीन भूमिका

सण मुलांपर्यंत कसे पोचवावेत याविषयी तीन भूमिका ऐकू येतात. एकाच घरात तिन्ही असू शकतात.

पहिली भूमिका मंडळाची. एकट्या घरात सण म्हणजे पूजा आणि फोटो. समवयस्क मुलांच्या घोळक्यात तो सण होतो. लेझीम, नाटुकले, श्लोकपाठांतर, भोंडल्याचा फेर यांना संख्या लागते. महाराष्ट्रातल्या मुलाला जे गल्लीत आपोआप मिळते ते इथे आयोजनाने मिळवावे लागते, आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे आपल्या शनिवार-रविवारांतून ते मिळवून दिले आहे. या भूमिकेवरचा आक्षेप असा की मूल प्रेक्षक किंवा कलाकार होते. सभागृह ठरावीक वेळेला मिळते, कार्यक्रम लांबतो, तीन वर्षांचे मूल झोपेला येते. शिवाय तालमींचा भार आयांवर पडतो.

दुसरी भूमिका घराची. छोटे करा, पण मुलाच्या हातांनी करा. मोदकाच्या पाऱ्या वाकड्या होऊ द्या, रांगोळी फिसकटू द्या. ही भूमिका मराठीत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पाने, माती यांतून शिक्षण उभे केले. मुलाच्या भोवती जे आहे त्यातूनच त्याचे शिकणे सुरू होते, हे त्यांचे सूत्र. बोरन्हाणाला बोरे मिळत नाहीत म्हणून चुरमुरे, हलवा आणि लहान फळे मुलाच्या डोक्यावरून ओतणारी सिंगापुरातली आई त्याच वाटेने जाते. उकडीच्या मोदकात इथला नारळ आणि गुला मलाका, म्हणजे ताडगूळ, घालणारी घरे आहेत. हीच चव मुलांनी शाळेच्या उपाहारगृहात ओन्दे-ओन्दे या गोड पदार्थात चाखलेली असते. आक्षेप असा की बदलता बदलता मूळ काय होते ते कुणालाच आठवणार नाही. आजीची पिढी हा आक्षेप जास्त घेते, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण पहिल्या पिढीतला पालक मूळ ठाऊक असून बदल करतो, दुसऱ्या पिढीला बदललेलेच मूळ म्हणून मिळते.

तिसरी भूमिका शेजाराची. मूल सिंगापूरचे आहे; त्याच्या वर्षात चिनी नववर्षाचे लाल पाकीट, ईदचे हिरवे पाकीट, वेसाक आणि नाताळ हेही आहेत. बालवाडीत हे सगळे साजरे होते. या भूमिकेचे लोक म्हणतात की आपल्या सणाला इतरांना बोलावणे आणि इतरांच्या सणाला जाणे हाच इथल्या मुलाचा खरा संस्कार. चिंता अशी आहे की शाळेतल्या ‘भारतीय’ चौकटीत तमिळ दीपावलीच ठळक दिसते आणि मराठी मुलाला आपले वेगळेपण सांगायला शब्द मिळत नाहीत. यावर एक साधा तोडगा काही पालक वापरतात: मुलाबरोबर शाळेत डबाभर करंज्या किंवा तीळगूळ पाठवतात आणि वर्गात काय सांगायचे ते दोन वाक्यांत पाठ करून घेतात.

रोजचे घर

सणांची चर्चा इतकी रंगते की उरलेल्या साडेतीनशे दिवसांकडे लक्ष जात नाही. संशोधन मात्र तिकडेच बोट दाखवते. बार्बरा फीस आणि सहकाऱ्यांनी २००२ साली कुटुंबांतल्या नित्यक्रमांवर आणि रिवाजांवर झालेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. नित्यक्रम म्हणजे काम उरकण्याची ठरलेली रीत: जेवण, आंघोळ, झोप. रिवाज म्हणजे ज्यात ‘आपण असे आहोत’ ही भावना असते. एकच जेवण एका घरात नित्यक्रम असेल, दुसऱ्या घरात रिवाज. नित्यक्रम आणि रिवाज टिकलेल्या घरांत मुलांचे आणि पालकांचेही बरे चाललेले दिसते, असा त्या आढाव्याचा कल आहे. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही. त्याआधी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वोलिन आणि बेनेट यांनी वडिलांना किंवा आईला दारूचे व्यसन असलेली घरे तपासली होती. ज्यांनी जेवणाचे आणि सणांचे रिवाज मोडू दिले नाहीत, त्यांच्या मुलांकडे व्यसन कमी प्रमाणात गेले. अडचणीच्या काळात रिवाजाचा आधार होतो, हे त्यातून कळते. परदेशात मूल वाढवणे हा काही आजार नाही, पण नातेवाइकांवाचूनचे घर थोडे अडचणीतलेच असते.

सिंगापुरातला रोजचा दिवस कसा असतो? शाळा साडेसातला सुरू होतात, बस पकडायला मूल अंधारात निघते. दुपारी दीडच्या सुमारास सुटल्यावर आजी घरी असेल तर आजी, नाहीतर पाळणाघर किंवा घरातली मदतनीस. आईबाबा सातच्या पुढे परततात, मूल नऊला झोपते. मराठी बोलायला रोज दोन तास, त्यात जेवण, गृहपाठ आणि आंघोळ. जेवणाचे महत्त्व इथल्या समाजालाही पटलेले आहे: सेंटर फॉर फादरिंग ही संस्था २००३ पासून ‘कुटुंबासोबत जेवा’ दिवस भरवते आणि त्या दिवशी कार्यालयांनी माणसांना लवकर सोडावे असे सुचवते.

मदतनिसांविषयी मराठी चर्चा फारच कमी झाली आहे. सिंगापुरात घरकामासाठी इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार, भारत येथून आलेल्या स्त्रियांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. कित्येक मराठी मुलांच्या दिवसाचा सर्वांत मोठा भाग त्यांच्यापैकी एकीबरोबर जातो. ती वरणाला फोडणी देते, पोळ्या लाटते, दुसऱ्या वर्षी पुरण वाटते. मुलाशी ती इंग्रजीत बोलते, कारण दोघांची ती सामाईक भाषा आहे. घरातला सण तिच्या हातांवर चालतो, आणि तिची स्वतःची मुले तिच्या सणाला दूर असतात. २०१३ पासून तिला आठवड्याला एक सुट्टी कायद्याने मिळते. २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी तिला द्यावीच लागते, तिच्या बदल्यात पैसे देता येत नाहीत. शनिवार-रविवारी मोठे जेवण ठरवताना तिची सुट्टी कुठे बसते, आणि तिच्या ईदला किंवा नाताळला आपल्या घरी काय होते, हे मूल बारकाईने पाहत असते. सणातून मुलाला काय द्यायचे हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक लेखात हा मुद्दा यायला हवा असे मला वाटते.

आजी-आजोबांच्या मुक्कामाला व्हिसाची मर्यादा आहे. कामाच्या परवान्यावर असलेल्या माणसाला आईवडिलांना दीर्घ मुदतीसाठी ठेवायचे तर महिना किमान १२,००० सिंगापूर डॉलर पगार लागतो. बाकीच्यांकडे ते पाहुणे म्हणून येतात आणि परत जातात. उरते पडद्यावरची आजी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको असे सांगताना व्हिडिओ कॉल तेवढा वगळला, याचा दिलासा अनेक घरांना वाटला. रोज ठरलेल्या वेळी, मुलाच्या जेवणासोबत होणारा आजीचा कॉल हा इथल्या घरांनी स्वतः घडवलेला रिवाज आहे. परवान्यांचा घरावर आणखी एक परिणाम होतो: २०२१ पासून जोडीदाराच्या परवान्यावर आलेल्यांना स्वतंत्र कामाच्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. त्यामुळे काही आया नाइलाजाने घरी आहेत, आणि त्यांच्या घरांत सण आणि मराठी दोन्ही अधिक दिसतात. ही जमेची बाजू मांडताना त्यामागे एका बाईची थांबलेली नोकरी आहे हेही सांगायला हवे.

भाषा

सिंगापूरच्या शाळेत इंग्रजीबरोबर एक मातृभाषा शिकावी लागते. चिनी, मलाय आणि तमिळ या अधिकृत. १९९०च्या सुमारास बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी, उर्दू यांनाही मान्यता मिळाली. मराठी त्यांत नाही. मराठी मुले बहुधा हिंदी घेतात. हिंदीचे वर्ग पुष्कळांना शनिवारी लागतात, आणि मराठी वर्ग भरवायचा तर तोही शनिवार-रविवारीच. देवनागरी लिपी हिंदीमुळे येते, ती मराठी वाचनाला कामी पडते. पण घरात ‘मातृभाषेचा अभ्यास कर’ म्हणजे हिंदीचा अभ्यास कर, असा अर्थ मुलाच्या मनात रुजतो.

भाषा टिकवायला शाळा हवी की घर पुरते? दोन जुनी उदाहरणे दोन दिशा दाखवतात. मॉरिशसमध्ये मराठी शाळांत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, सण जोमात आहे. घरात मात्र क्रिओल बोलली जाते. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी उलट केले. सतराव्या शतकात व्यंकोजींबरोबर आणि नंतर गेलेल्या या घरांत मराठी बोली घरातल्या घरात पिढ्यान्पिढ्या चालली, शाळा तमिळ किंवा इंग्रजी, सणांवर तमिळ वळण. एकीकडे सण उरला, दुसरीकडे बोली. अ‍ॅनिक द हाउवर यांनी २००७ साली बेल्जियमच्या फ्लेमिश भागातल्या सुमारे १,९०० द्विभाषक कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश घरांत मुले घरची दुसरी भाषा बोलत नव्हती. दोन्ही पालक ती बोलत असतील, तर मूलही बोलण्याची शक्यता खूप वाढत होती. सिंगापुरात २०२० च्या जनगणनेत ४८.३ टक्के रहिवाशांनी घरात मुख्यतः इंग्रजी बोलत असल्याचे सांगितले. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ३२.३ होता. तमिळ अधिकृत भाषा असूनही घरांतून घटली आहे. मराठीला यातून सवलत मिळण्याचे काही कारण दिसत नाही.

न सुटलेले

सण टिकले म्हणजे भाषा टिकते का, याचे उत्तर वरच्या उदाहरणांवरून ‘नाही’ असे द्यावेसे वाटते, पण लहान मुलांच्या बाबतीत सण ही मराठी बोलण्याची मोठी निमित्ते आहेत हेही खरे. मंडळाने मोठ्या कार्यक्रमावर किती शक्ती घालावी आणि घरोघरच्या छोट्या गटांना किती द्यावी, हा वाटपाचा प्रश्न खुला आहे. बारा-तेराव्या वर्षी मुले कार्यक्रमांना यायचे थांबवतात अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. हे लहानपणच्या अतिरेकामुळे होते, अभ्यासामुळे की त्या वयामुळे, यावर एकमत नाही. आणि कामाच्या वाटणीचा प्रश्न फार उशिरा चर्चेत आला: यादी करणे, आदल्या रात्री डाळ भिजवणे, मुलाचा कुर्ता शोधणे हे घरात कोण करते.

सर्वांत नवा प्रश्न मिश्र घरांचा. इथे वाढलेली मराठी मुले आता स्वतः आईबाप होत आहेत, आणि त्यांचे जोडीदार चिनी, तमिळ, मलयाळी, फिलिपिनो असू शकतात. २०११ पासून सिंगापुरात मुलाच्या वंशाची नोंद ‘चिनी-भारतीय’ अशी जोडीने करता येते. शाळेतली मातृभाषा मात्र एकच निवडावी लागते. अशा घरात नरक चतुर्दशीची पहाट आणि चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीचे एकत्र जेवण हे दोन्ही बिनतक्रार सामावतात, कारण दोन्ही सणांत आजीच्या हातचे खायचे असते. अडते ते भाषेपाशी. मराठी वर्गांचे धडे घरात दोघे मराठी बोलणारे आहेत असे गृहीत धरून बेतलेले आहेत. या मुलांच्या घरी मराठी बोलणारे माणूस एकच आहे आणि तेही संध्याकाळी सातनंतर घरी येते. त्यांच्यासाठी वेगळे धडे कोणी आणि कसे लिहायचे, याची चर्चा आता सुरू व्हायला हवी.